काठीचे पाय

जपानातल्या शिकोकूच्या परिक्रमेतले बारावे मंदिर, शोसान्जी, पाहून मी डोंगर उतरले तेव्हा नोव्हेंबरातला पाऊस नुकताच थांबला होता आणि मी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखले होते. पायथ्याच्या वस्तीत यात्रेकरूंच्या मुक्कामासाठी चालवलेले एक लहानसे घर होते. दारातच पादत्राणे काढण्याची खोलगट फरशी, तिच्या कोपऱ्यात छत्र्या ठेवण्याचे उभट मातीचे भांडे. हातातली काठी मी त्या भांड्यात सोडली, पायरीवर बसले आणि ओले मोजे सोलून काढू लागले. डाव्या टाचेचा फोड फुटला होता. दुसरे काही सुचत नव्हते. मालकीणबाई आतून आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, कमरेत किंचित वाकलेल्या. खूप श्रमलात, अशा अर्थाचे चार शब्द त्या माझ्याशी बोलल्या, मग भांड्यातली काठी त्यांनी अलगद बाहेर काढली आणि अंगणातल्या नळापाशी उकिडव्या बसल्या. काठीचे खालचे टोक बादलीतल्या पाण्यात धरून त्या अंगठ्याने त्याच्या विस्कटलेल्या तंतूंमधला चिखल सोडवू लागल्या. एकदा पाणी बदलले. पुन्हा धुतले. पांढऱ्या पंचाने टोक टिपून घेतले आणि दोन्ही हातांवर आडवी धरून ती काठी त्यांनी माझ्या खोलीत नेली, तिथल्या भिंतीतल्या कोनाड्यात, फुलदाणीशेजारी उभी केली. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात गरम पाण्याची दुसरी बादली होती. “आता तुमचे पाय,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या ‘आता’ या शब्दात रागाचा लवलेशही नव्हता, तरी तो शब्द मला त्या रात्री झोपू देईना.

कारण नियम मला ठाऊक होता. शिकोकू बेटावरच्या ८८ मंदिरांची ही सुमारे १,२०० किलोमीटरची वाट कोबो दाइशींच्या नावाने चालली जाते. नर्मदेची परिक्रमा आपल्याकडे जशी ऐकून ठाऊक असते, तशी ही जपानात प्रत्येकाला ऐकून ठाऊक असते. दाइशी म्हणजे कूकाई, इ. स. ७७४ मध्ये याच बेटावर जन्मलेले भिक्षू. ८३५ मध्ये कोया पर्वतावर त्यांचा अंत झाला असे इतिहास सांगतो. ते समाधीत बसले आहेत, असे भाविक सांगतात, आणि त्या समाधिस्थानी आजही दिवसातून दोनदा त्यांच्यासाठी जेवणाचे ताट नेले जाते. यात्रेकरूच्या पांढऱ्या अंगरख्यावर, टोपीवर, झोळीवर चार अक्षरे लिहिलेली असतात, ‘दोग्यो निनिन’, म्हणजे सोबत चालणारे दोघे. एक मी आणि दुसरे दाइशी. त्यांचे चालणे काठीच्या रूपाने असते, म्हणून पुलावरून जाताना काठी टेकवायची नाही, कारण दाइशी एकदा थंडीच्या रात्री पुलाखाली झोपले होते आणि कोण जाणे, आजही झोपले असतील. आणि मुक्कामी पोहोचल्यावर आपले पाय धुण्याआधी काठीचे पाय धुवायचे. मी पुण्यात जपानी शिकले, पुढे पंचवीस वर्षे यंत्रांची माहितीपत्रके त्या भाषेतून मराठीत आणि इंग्रजीत आणण्याचे काम केले; निघण्याआधी हे सारे नियम मी मूळ जपानीत वाचले होते आणि वहीत उतरवूनही घेतले होते. दहाव्या मंदिरानंतर योशिनो नदी ओलांडताना, कठडे नसलेल्या त्या बुटक्या पुलावर मी काठी आठवणीने उचलूनही धरली होती. तिथे अंग ठणकत नव्हते, ऊन कोवळे होते, नियम पाळणे सोपे आणि सुंदर होते. टाचेचा फोड फुटला त्या संध्याकाळी मात्र मला माझेच पाय आधी आठवले.

मी भाविक म्हणून गेले नव्हते, हेही सांगायला हवे. फलटणचे घर विकले तेव्हा घरातले देव माझ्याकडे आले. आई भावाकडे नाशिकला गेली, तिचे गुडघे गेल्यामुळे तिला खाली बसवत नव्हते, आणि वहिनींचे स्वतःचे देव होते. चार चांदीचे टाक, एक पितळेचा बाळकृष्ण, एक अन्नपूर्णा, एक शंख आणि सहाणेवर झिजत झिजत बोटाएवढे उरलेले चंदनाचे खोड असा तो ऐवज होता. आईने ते सगळे तिच्या एका जुन्या खणात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घालून दिले. मी तो डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. आज मांडते, उद्या मांडते, असे सुरुवातीला मनात होते. मग ते मनातूनही गेले. आई दर संध्याकाळी फोनवर विचारी, “देवांना पाणी घातलंस का गं?” आणि मी “हो” म्हणत असे. सहा वर्षे मी हो म्हणत होते. हे खोटे बोलणे मला लागत नव्हते असे नाही, परंतु त्याला मी एक तात्त्विक कारण देऊन ठेवले होते. ज्यावर आपला विश्वास नाही ते करणे म्हणजे ढोंग, आणि आईला दुखवणे म्हणजे क्रूरपणा. या दोहोंमधून काढलेली ती वाट होती, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

त्या रात्री चटईवर पडल्या पडल्या कोनाड्यातल्या काठीकडे पाहताना मला आजी आठवली. आमचे फलटणचे घर माऊलींच्या पालखीच्या मुक्कामाच्या वाटेवर. आजी स्वतः काही वर्षे पंढरपूरला जाऊन राहत असे, आणि आषाढी झाली तरी परतत नसे. एकादशी सगळ्यांची असते, प्रक्षाळपूजा घरच्या माणसांची, असे ती म्हणे. आषाढीच्या गर्दीला दर्शन मिळावे म्हणून विठ्ठलाचा पलंग आधीच काढून ठेवतात. मग कितीतरी दिवस देवाला निजणे नाही, चोवीस तास तो उभा. गर्दी ओसरली की मग प्रक्षाळपूजा होते. पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून रात्री काढा दाखवतात, आणि पलंग पुन्हा शेजघरात येतो. आजी हे सांगताना शेवटी हमखास एक वाक्य म्हणे, “दमतो गं विठोबा.” मी अकरावीत विज्ञान शाखेत नुकतीच गेले होते. दगडाला काढा कशाला, असे मी तिला विचारले. ती तांदूळ निवडत होती. तिने उत्तर दिले नाही, मान वर केली नाही, फक्त सुपातला एक खडा जरा जास्तच लांब भिरकावला. तो खडा अंगणातल्या पत्र्यावर वाजला होता. त्यानंतर तिने प्रक्षाळपूजेचे वर्णन माझ्यासमोर पुन्हा कधी केले नाही, आणि काहीतरी हरवले आहे हे कळायला मला चाळीस वर्षे आणि एक परदेश लागला.

सर्वशक्तिमान देवाविषयी मी आयुष्यभर वाद घातले आहेत, पण दमणाऱ्या देवाविषयी कोणाशी काय वाद घालणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकीणबाईंना विचारले, दाइशी खरोखर बरोबर चालतात असे तुम्हाला वाटते का? त्यांनी भाताचा वाडगा माझ्यापुढे ठेवला, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “सासूबाई धूत असत. त्या गेल्यावर मी धुते.” मग, आज कितीपर्यंत चालणार आहात, पुढच्या घाटात पाणी मिळत नाही, बाटली भरून घ्या, इतकेच. त्यांची मुले ओसाकाला आहेत, गावातली शाळा बंद झाली आहे, आणि गुडघे साथ देतील तोवरच हे घर चालेल, हे त्यांनी तितक्याच साध्या सुरात सांगितले. त्यांच्यानंतर काठ्या कोण धुणार, हे मी विचारले नाही. माझ्या कपाटातल्या डब्याचाही प्रश्न तोच होता, आणि त्या डब्याच्या बाबतीत उत्तर द्यायचे काम माझे होते.

या वाटेवर मला सर्वांत अवघड गेले ते घेणे. यात्रेकरूला वाटेत कोणी काही दिले तर त्याला ‘ओसेत्ताई’ म्हणतात आणि ते नाकारायचे नसते. मंदिरात वाहायच्या कागदी पट्ट्या आपल्या झोळीत असतात, त्यांतली एक, आपले नाव-गाव लिहिलेली, देणाऱ्याच्या हाती ठेवायची. माझी पट्टी पांढरी, कारण पहिलीच फेरी. ज्यांनी पन्नास फेऱ्या केल्या त्यांची सोनेरी असते आणि शंभरांच्या पुढे जरीच्या कापडाची. तेराव्या मंदिराच्या अलीकडे रस्त्यालगतच्या घरातून एक आजी चालण्याची ढकलगाडी रेटत माझ्या मागे आल्या. “ओहेन्‌रो-सान, ओहेन्‌रो-सान,” म्हणजे अहो यात्रेकरू, अशी हाक. त्यांनी दोन मिकान, म्हणजे आपल्या संत्र्याची धाकटी बहीण, आणि कागदात गुंडाळलेले १०० येनचे नाणे माझ्या हातात ठेवले. मिकान मी घेतले, नाणे परत करू लागले; माझ्यापाशी पैसे आहेत, हे सांगण्यासाठी लागणारे सगळे आदरार्थी शब्द मला येत होते. त्यांनी माझी मूठ स्वतःच्या दोन्ही हातांनी बंद केली. हात गार होते आणि सालीच्या वासाने भरलेले होते. “मला आता चालवत नाही,” त्या म्हणाल्या, “तुमच्याबरोबर हे जाऊ दे. कुठल्याही मंदिरात चालेल.”

तोवर मी समजत होते की ओसेत्ताई म्हणजे यात्रेकरूवर केलेली कृपा. पालखी यायची तेव्हा आमच्या ओसरीवर वारकरी बाया उतरत. आजी परातीत ऊन पाणी घेऊन त्यांच्या पायांपाशी बसे, खोबरेल चोळी, आणि त्या संकोचून पाय ओढून घेऊ लागल्या की “माऊली, राहू दे” असे म्हणून पुन्हा धरी. आम्ही पोरे भाकरीच्या चळती पोहोचवत असू. आम्ही देणारे आणि ते घेणारे, आम्ही घरवाले आणि ते वाटसरू, असा त्या दृश्याचा अर्थ माझ्या मनात पक्का होता, आणि त्यात थोडा मोठेपणाही मुरलेला होता. निरोप घेताना आजी प्रत्येकीला म्हणायची, “माझा नमस्कार सांगा पांडुरंगाला.” ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकले होते की ऐकूच येईनासे झाले होते. शिकोकूच्या त्या ओल्या रस्त्यावर, मुठीत दुसऱ्याचे नाणे घेऊन उभी असताना ते पहिल्यांदा ऐकू आले. ज्या वर्षी आजीला जाता येत नसे त्या वर्षी ती त्या बायांचे पाय का धरत होती, हे मला तिथे कळले. देव सांगाती होऊन हात धरून चालवतो, असे सांगणारा तुकोबांचा अभंग तिला पाठ होता; ती बहुधा त्या पायांमध्ये दोघांचे पाय धरत होती.

एक वेगळी गोष्टही या वाटेने माझ्यापुढे उभी केली, आणि ती इतकी गोड नाही. परिक्रमेचे पहिले मंदिर र्‍योझेन्जी. त्याच्या नावातला ‘र्‍योझेन’ म्हणजे राजगीरचा गृध्रकूट पर्वत, जिथे बुद्धांनी उपदेश केला. भारतातला तो पर्वत जपानात आणून वसवला, असे त्या मंदिराचे पूर्ण नावच सांगते. तिथल्या वहीत शिक्का मारून अक्षरे रेखणाऱ्या बाईंनी माझे गाव विचारले आणि भारत म्हटल्याबरोबर ब्रश खाली ठेवून हात जोडले. “शाक्यमुनींचा देश.” पुढे प्रत्येक मंदिरात, मुख्य गाभाऱ्यापुढे आणि मग दाइशींच्या देवळापुढे, यात्रेकरू प्रज्ञापारमितेचे हृदयसूत्र म्हणत. सातव्या शतकात ह्युएन त्संगाने चिनीत नेलेला तो पाठ जपानी उच्चारात मला अर्धामुर्धा कळे. परंतु शेवटी भाषांतर न करता नुसत्या ध्वनींनी राखलेला मंत्र येई, “ग्याते ग्याते हारा ग्याते,” आणि अंगावर काटा येई. गते गते पारगते. कूकाई ८०४ मध्ये चीनला गेले तेव्हा प्रज्ञ नावाच्या एका भारतीय भिक्षूपाशी संस्कृत शिकले होते. बाराशे वर्षे समुद्रापलीकडे ही अक्षरे जिभेवरून जिभेवर फिरत राहिली, आणि पाचव्या मंदिरापर्यंत मला त्यांचा अभिमान वाटू लागला होता, जणू ती माझी होती.

तो अभिमान फार टिकला नाही, हे बरे झाले. पुण्यात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक बुद्धविहार आहे. तिथून येणारे त्रिसरणाचे स्वर मी बाल्कनीतून कित्येक वर्षे ऐकत आले. १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख मला पाठ आहे, नागपूरची दीक्षाभूमी मी पाहिली आहे, बाबासाहेबांनी तो धर्म कशासाठी स्वीकारला हे मी वाचले आहे, आणि तरीही त्या विहाराची पायरी मी कधी चढले नव्हते. जपानातल्या एका परक्या बाईंनी ज्या देशाला हात जोडले, त्या देशात बुद्धाला पुन्हा घरी आणणारी माणसे दोन गल्ल्यांवर राहत होती आणि मी नमस्काराचा मान परस्पर स्वीकारत होते. परत आल्यावर एका पौर्णिमेला मी तिथे गेले, मागच्या सतरंजीवर बसले, एका मुलीने पुस्तिका उघडून माझ्या हातात दिली. तिथला सूर वेगळा आहे, ताठ मानेचा. तिथे कोणी दमलेल्या देवाची सेवा करत नाही, तिथे माणसाला उभे राहायचे असते. त्याविषयी याहून अधिक लिहिण्याचा अधिकार मी अजून मिळवलेला नाही.

आणि दुरून दिसणारी भक्ती स्वच्छ दिसते, हेही मला ठाऊक आहे. शिकोकूतही बसगाड्या भरून येतात, शिक्क्यांना पैसे पडतात, काही जण मंदिरापुढे क्षणभरही न थांबता वह्यांचा गठ्ठा घेऊन शिक्क्यांच्या खिडकीशी धावतात. तिथल्या दानपेट्यांचे हिशेब, विश्वस्तांची भांडणे मला दिसत नाहीत, म्हणून तिथले शेवाळलेले दगड मला पवित्र वाटतात. आपल्या देवळातले ध्वनिक्षेपक, पैसे भरून पुढे सरकणाऱ्या रांगा दिसतात, म्हणून इथे मन विटते. परक्या माणसाची श्रद्धा आपल्याकडून काहीच मागत नाही. घरची श्रद्धा मागते. वेळ मागते, आईला खरे उत्तर मागते. जपानी काठी धुणे मला सोपे का गेले आणि घरचे देव धुणे अवघड का, याचा विचार मी त्या वाटेवर रोज केला. माझे बरेचसे नास्तिक्य विचारातून आले होते, यावर मी आजही ठाम आहे. पण काही भाग नुसत्या आळसाचा होता आणि काही भाग आजीसमोर एकदा जिंकल्याचा, आणि हे तीन धागे सुटे करणे मी आजवर टाळले होते.

पुढचे चार दिवस मी काठी धुतली. पहिल्या दिवशी करायचे म्हणून केले. दुसऱ्या दिवशी लक्षात आले की टोकाचे लाकूड कुंचल्यासारखे फुलले आहे, आणि दिवसभरात कोणत्या मातीतून चाललो ते त्यात अडकून राहते. डोंगरातली तांबूस, भातखाचरांकडेची काळी, रस्त्यावरची राखाडी कच. ही फुललेली टोके सुरीने तासायची नाहीत, अशीही रीत आहे. तिसऱ्या दिवशी काठी पहिल्यापेक्षा अंगठ्याभर लांडी झाल्याचे दिसले. विसाव्या आणि एकविसाव्या मंदिराच्या मधे नाका नदीवरचा लांब पूल आहे; तो मी काठी छातीशी धरून ओलांडला, आणि खाली पाहिले. वाळूवर कोणी नव्हते. पावले तरीही आपोआप हलकी पडत होती.

तेविसावे मंदिर, याकुओजी, हिवासाच्या समुद्राजवळ आहे आणि तोकुशिमा प्रांतातले ते शेवटचे. माझी रजा तिथे संपत होती. त्याच्या बायकांसाठीच्या जिन्याला ३३ पायऱ्या आहेत आणि लोक अनिष्ट टळावे म्हणून प्रत्येक पायरीवर एकेक नाणे ठेवत चढतात. मी फक्त वर जाऊन त्या आजींचे नाणे कागदातून सोडवले आणि पेटीत टाकले. ते खाली पडल्याचा आवाज येईपर्यंत हात जोडून उभी राहिले. मला काही मागायचे नव्हते. ते नाणे ज्यांचे होते त्यांना चालवत नाही, एवढे मी सांगितले. कोणाला सांगितले, ते मला अजूनही सांगता येत नाही.

बरेचसे लोक परिक्रमा पुरी झाल्यावर काठी अठ्ठ्याऐंशीव्या मंदिरात ठेवून येतात. माझी ६५ मंदिरे उरली आहेत, म्हणून ती पुण्याला माझ्याबरोबर आली आणि बैठकीच्या कोपऱ्यात उभी आहे. आल्यावर तिसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढून डबा खाली काढला. खण उघडला तर आईच्या कपाटातला कापराचा वास अजून शिल्लक होता. मला षोडशोपचार येत नाहीत, पुरुषसूक्त येत नाही, आणि न येणारे म्हटल्यासारखे करायचे नाही हेही ठरलेले होते. ताम्हणात कोमट पाणी घेतले, चिंच चोळली आणि एकेक देव घासला. टाकांवरच्या मूर्ती बोटांच्या स्पर्शाने इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत की कोणता खंडोबा आणि कोणता भैरोबा हे अंगठा फिरवूनच ओळखावे लागते. बाळकृष्णाच्या रांगत्या गुडघ्याच्या मागे, जिथे कापड पोहोचत नाही, तिथे जुने गंध खडीसारखे घट्ट बसले होते. ते आईच्या हातचे असेल, कदाचित त्याखालचे आजीच्या. काडीने काढू लागले आणि थांबले. ते तसेच राहू दिले.

संध्याकाळी फोन आला तेव्हा मी उत्तर तयार ठेवले होते. आईने मात्र त्या दिवशी देवांचे विचारलेच नाही. जपानात थंडी कशी होती, खायला काय मिळत होते, हे विचारून झाल्यावर ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “इतकं चाललीस, पाय दुखत असतील. ऊन पाण्यात मीठ घालून बस थोडा वेळ.”